इशारा वेळेत, निर्णय उशिरा

मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी मुंबईत म्हैसूर कॉलनी व भक्ती पार्क या स्थानकांच्या दरम्यान मोनोरेलची एक गाडी उंच मार्गिकेवर एकाएकी थांबली. वीजपुरवठा खंडित झाला, वातानुकूलन बंद पडले आणि खचाखच भरलेल्या डब्यांत माणसे गुदमरू लागली. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली उतरविले. त्यासाठी काही तास लागले. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. प्राणहानी मात्र झाली नाही. गाडीची क्षमता १०४ टन असताना प्रत्यक्ष भार १०९ टनांच्या घरात गेला होता आणि त्यामुळे विद्युतसंपर्क तुटला, असे स्पष्टीकरण नंतर देण्यात आले. दोन अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि प्रकरण प्रशासकीयदृष्ट्या मार्गी लागले.

हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. एरवी प्रवाशांअभावी तोट्यात चालणाऱ्या या गाडीत त्याच दिवशी एवढी गर्दी कोठून आली? रुळांवर पाणी आल्याने हार्बर मार्गावरील लोकल बंद होती. घरी पोहोचण्याचा दुसरा मार्ग न उरलेली माणसे दिसेल त्या वाहनाकडे वळली. रेल्वेने आपल्या नियमानुसार लोकल थांबविली. मोनो चालविणाऱ्यांनी आपल्या नियमानुसार गाडी चालविली. महापालिकेचा नियंत्रण कक्ष सुरू होता, हवामान खात्याचा इशारा जारी झालेला होता, पोलीस रस्त्यावर होते. प्रत्येकाने आपले काम केले, असे प्रत्येकाला सांगता येईल. लोकल बंद होताच तिचे प्रवासी पुढच्या तासाभरात कोठे जातील, हा विचार करणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

मुंबईच्या आपत्ती व्यवस्थापनाचा गेल्या वीस वर्षांचा प्रवास पाहू जाता हीच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. शहराला संकटाची चाहूल लागत नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. चाहूल लागल्यानंतर शहर थांबविण्याचा, माणसे हलविण्याचा किंवा आहे तेथेच रोखून धरण्याचा निर्णय कोणी आणि किती वाजता घ्यायचा, याचे उत्तर मात्र मिळालेले नाही.

२६ जुलै २००५ रोजीची स्थिती याहून अगदी निराळी होती. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. म्हणजे उपनगरे बुडत असताना दक्षिण मुंबईतील कार्यालयांच्या खिडक्यांतून पावसाळ्यातला एक साधा दिवस दिसत होता. महापालिकेचे मुख्यालय, मंत्रालय, रेल्वेची मुख्यालये ही सारी याच दक्षिण टोकाला. दुपारी अडीचच्या सुमारास उपनगरांत ढगफुटीसदृश पाऊस सुरू झाला. तासाला १९० मिलिमीटरपर्यंत त्याचा वेग गेला. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटीच्या वेळी, आखलेली होती. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी भरती होती. समुद्राकडे जाणारी तोंडे भरतीच्या पाण्याने दाबली गेली आणि मिठी नदीने आपले जुने पात्र परत घेतले.

त्या दिवशी शहरात चारशेहून अधिक बळी गेले. साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. काही जण बंद मोटारींत गुदमरून मेले. कित्येकांचा विजेच्या धक्क्याने वा प्रवाहात वाहून जाऊन अंत झाला. अनेकांनी आपल्या कार्यालयांत, शाळांत रात्र काढली आणि ते सुखरूप राहिले. धोका वाढला तो बाहेर पडलेल्यांचा. चार वाजता ‘लवकर निघू या’ म्हणून कार्यालय सोडणाऱ्याला आपण पुराच्या दिशेने चाललो आहोत, हे सांगणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले आणि शहर आपापल्या पायांनी घरी चालू लागले.

त्या वेळी आराखडा नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमातून महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार झाले होते आणि बृहन्मुंबईचा आराखडाही त्यांत होता. पाणी तुंबण्याच्या जागा, दरडींची ठिकाणे, जबाबदार अधिकाऱ्यांची पदे असा तपशील त्यात होता. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता दुप्पट करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तर १९९३ पासूनच महापालिकेच्या कपाटात होता. कमतरता कागदाची नव्हतीच.

प्रलयानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये सविस्तर अहवाल दिला आणि त्यानंतर बरेच काही झाले, हे मान्य केले पाहिजे. २००६ च्या पावसाळ्यापासूनच अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी सुमारे ३५ स्वयंचलित पर्जन्यमापके बसविण्यात आली. दर पंधरा मिनिटांनी कोणत्या भागात किती पाऊस पडला हे मुख्यालयात कळू लागले. पुढे या मापकांची संख्या वाढली. कुलाब्याला डॉप्लर रडार आले, जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावली येथे दुसरे कार्यान्वित झाले. जून २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय व महापालिका यांनी मिळून ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. कोणत्या भागात किती पाणी चढेल याचा आधीच अंदाज बांधण्याची तिची क्षमता आहे. हजारो कॅमेऱ्यांची दृश्ये उपलब्ध झाली आहेत. १९१६ या क्रमांकावर नागरिक तक्रार नोंदवू शकतात. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रे उभी राहिली. मोगरा व माहुल ही उरलेली दोन जमिनीच्या व परवानग्यांच्या गुंत्यात वर्षानुवर्षे रखडली. हिंदमाता परिसरातील पाणी साठविण्यासाठी दादर व परळ येथे भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या.

या सर्वांचा उपयोग झाला आहे. तेवढ्याच पावसाने पूर्वी जेवढा वेळ पाणी साचून राही, तेवढा वेळ ते आता अनेक ठिकाणी राहत नाही. परंतु ही सारी गुंतवणूक दोन गोष्टींत झाली: पाणी पाहण्यात आणि पाणी उपसण्यात. या दोहोंच्या मधला जो टप्पा, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीवरून लाखो माणसांच्या त्या दिवसाच्या वर्तनाविषयी आदेश देणे, त्याकडे यंत्रणेचे लक्ष फारसे गेलेले नाही.

ऑगस्ट २०२५ चेच दोन दिवस पाहू. सोमवार, १८ ऑगस्ट रोजी सकाळपासून मुसळधार पाऊस होता. सकाळच्या सत्रातील मुले शाळांत पोहोचली होती. दुपारच्या सत्राला सुटी जाहीर झाली ती शाळेची वेळ तोंडावर आल्यावर. माटुंग्यात लहान मुलांना घेऊन जाणारी एक बस पाण्यात अडकली आणि पोलिसांनी मुलांना उचलून बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी शाळांना सुटी होती. पण शासकीय व निमशासकीय कार्यालये बंद ठेवण्याचा आणि खासगी आस्थापनांना घरून काम करू देण्याच्या आवाहनाचा निर्णय सकाळी जाहीर झाला. कर्जत, विरार, पनवेलहून कामावर येणारा माणूस पहाटेच घर सोडतो, हे मुंबईत कोणाला सांगावे लागते काय? त्याच्यापर्यंत हे आवाहन पोहोचले ते गाडीत, आणि गाडी तोपर्यंत रखडली होती. सायंकाळी मोनोत लोंबकळणाऱ्या ५८२ जणांत असे किती असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

येथे प्रशासनाची अडचणही समजून घ्यायला हवी. ‘रेड अलर्ट’च्या दिवशी लख्ख ऊन पडले, असेही अनुभव मुंबईकरांनी घेतले आहेत आणि त्यावर भरपूर विनोदही झाले आहेत. एक दिवस शहर बंद ठेवण्याची किंमत मोठी असते. ती सर्वांना सारखी नसते. महिना पगारावरील कर्मचाऱ्यासाठी तो सुटीचा दिवस. नाक्यावर उभा राहणारा मजूर, घरकाम करणारी बाई, रस्त्यावर भाजी विकणारा यांच्यासाठी तो उपाशी दिवस. म्हणून निर्णय लांबणीवर टाकण्याकडे अधिकाऱ्याचा कल असतो. शहर थांबविल्यावर पाऊस आला नाही तर टीका निश्चित होते. न थांबविता पाऊस कोसळला तर ती नैसर्गिक आपत्ती ठरते. निर्णय घेणाऱ्याला शिक्षा आणि न घेणाऱ्याला निसर्गाचे निमित्त, अशी ही विचित्र व्यवस्था आहे. ती बदलायची तर निर्णयाचा भार व्यक्तीवर न टाकता तो आधी ठरविलेल्या निकषांवर टाकावा लागेल. अमुक तासात अमुक इतका पाऊस, त्याच वेळी साडेचार मीटरच्या वरची भरती, मिठीची पातळी अमुक: हे तिन्ही जुळले की कार्यालये कोणत्या क्रमाने सोडायची, की सोडायचीच नाहीत, हे मे महिन्यात ठरलेले असावे. भरतीच्या वेळा तर वर्ष सुरू होण्यापूर्वीच छापून तयार असतात.

इशारा आणि अधिकार एकाच हाती असले म्हणजे काय साधते, याचे उदाहरण मुंबईनेच घालून दिले आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार, असे स्पष्ट झाले. वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर व मुलुंड येथील तात्पुरत्या कोविड केंद्रांत त्या वेळी शेकडो रुग्ण होते. त्यांतील कित्येक प्राणवायूवर. वादळ येण्यापूर्वी महापालिकेने सुमारे ५८० रुग्णांना पक्क्या इमारतींतील रुग्णालयांत हलविले. धोका न घेता थांबून पाहण्याची चैन तेव्हा परवडली नसती, आणि ती कोणी केलीही नाही. केंद्रे महापालिकेची, डॉक्टर महापालिकेचे, रुग्णवाहिका महापालिकेच्या, इशारा महापालिकेला मिळालेला. विचारायचे कोणाला, हा प्रश्नच नव्हता.

नेमक्या त्याच दिवसांत मुंबईलगतच्या समुद्रात तेलक्षेत्रावरील कामगारांचा निवास असलेला ‘पी-३०५’ हा तराफा २६१ जणांसह खुल्या समुद्रात राहिला. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून प्रसारित होत होता. तराफा सुरक्षित जागी नेण्याचा निर्णय मात्र तराफ्याचा मालक, कंत्राटदार, तेलक्षेत्र चालविणारी कंपनी आणि तराफ्याचा कप्तान यांच्यात अडकला. नांगर तुटले, तराफा बुडाला आणि नौदल व तटरक्षक दलाने शर्थ करूनही सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळ तेच होते आणि हवामान खात्याचा इशाराही दोन्हीकडे तोच गेला होता.

जमिनीवरील बहुतेक दुर्घटनांत तराफ्याचीच गोष्ट वेगळ्या वेषात आढळते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. हा फलक १२० बाय १२० फुटांचा. तो काही रात्रीतून उभा राहिला नव्हता. द्रुतगती महामार्गावरून जाणारा प्रत्येक जण तो पाहत होता. परंतु जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, परवानगी त्यांनी दिलेली आणि तेथे आमचा नियम लागू आहे असे महापालिकेचे म्हणणे. फलक पडेपर्यंत हा वाद कागदावर चालू राहिला. पडल्यानंतरही पंपातील इंधनामुळे लोखंड कापण्यासाठी गॅसकटर वापरणे धोक्याचे ठरले आणि बचावकार्य दोन दिवसांहून अधिक काळ चालले. माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली.

जुलै २०१९ मध्ये डोंगरीत एक इमारत कोसळून तेराहून अधिक रहिवासी दगावले, तेव्हाही पहिले काही तास ती इमारत म्हाडाची, विश्वस्त संस्थेची की अनधिकृत, याच खुलाशांत गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्याआधी वर्षानुवर्षे त्या पुलावरून रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना हे एक दिवस होणार, हे ठाऊक होते. अपघातानंतर लष्कराने तेथे अवघ्या काही महिन्यांत नवा पूल उभारून दिला. ज्याची गरज सर्वांना दिसत होती ते काम करायला अखेर लष्कर यावे लागले, यावर वेगळे भाष्य नको.

मिठी नदीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या या नदीसाठी ऑगस्ट २००५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरी प्रत्यक्ष काम वरचा सुमारे १२ किलोमीटरचा भाग महापालिकेकडे आणि खालचा ६ किलोमीटरचा एमएमआरडीएकडे असे वाटले गेले. पाण्याला ही हद्द कळत नाही. मे २०२५ मध्ये तर मिठीतील गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण ऑगस्टमध्ये कुर्ल्यात नदीने धोक्याची पातळी गाठताच काठच्या शेकडो रहिवाशांना घरे सोडून हलावे लागले.

‘पावसाळापूर्व’ हा शब्द मुंबईच्या प्रशासनात जवळपास पंचांगासारखा झाला आहे. ३१ मेपर्यंत नालेसफाई, जूनच्या पहिल्या आठवड्यात पंप सज्ज, १० जूनच्या आसपास पाऊस. २०२५ मध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाले. त्या दिवसापर्यंत कुलाब्यातील मे महिन्याचा एकूण पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि मे महिन्याचा शतकभराचा विक्रम मोडला. याच महिन्यात प्रवाशांसाठी खुले झालेले भुयारी मेट्रोचे आचार्य अत्रे चौक स्थानक चिखलपाण्याने भरून बंद करावे लागले. काही लघुउदंचन केंद्रांत पंपच चालू झाले नाहीत, म्हणून कंत्राटदारांना दंड झाला. कंत्राटाच्या दृष्टीने पावसाळा अजून सुरू व्हायचा होता. हवामान बदलत असल्याचे महापालिकेनेच मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या वातावरण कृती आराखड्यात म्हटले होते. निविदांच्या तारखांपर्यंत ते पोहोचले नव्हते, इतकेच.

सर्वांत अवघड प्रश्न डोंगरउतारांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मुंबईत दरडींच्या धोक्याची ७४ ठिकाणे निश्चित केली आहेत. तेथे दर पावसाळ्यापूर्वी नोटिसा लागतात. घरे रिकामी करावीत, अन्यथा होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही, असा त्यांचा आशय असतो. मोडकळीस आलेल्या इमारतींनाही तशाच नोटिसा जातात. मग जुलै येतो. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीत भिंती व दरड कोसळून सुमारे तीस माणसे झोपेतच गाडली गेली. नोटिशीने कोणाचेही प्राण वाचत नाहीत. ती लावणाऱ्याची जबाबदारी तेवढी हलकी होते. जायचे कोठे, किती दिवसांसाठी, परत आल्यावर झोपडी वा खोली शिल्लक असेल काय, रेशनकार्डावरचा पत्ता टिकेल काय, या प्रश्नांची उत्तरे नोटिशीत नसतात. जुन्या चाळीतला भाडेकरू भिंतीला तडे दिसत असूनही खोली सोडत नाही, कारण खोलीबरोबर हक्कही जाईल अशी त्याला भीती असते, आणि संक्रमण शिबिरांत पिढी घालविलेले शेजारी त्याने पाहिलेले असतात. त्याला अडाणी वा हटवादी म्हणणे सोपे आहे. चार महिन्यांसाठी जवळच्याच प्रभागात निवारा, जागेच्या हक्काची लेखी हमी आणि मुलांची शाळा न बुडण्याची सोय एवढे मिळाले, तर त्यातले बरेच जण जातील. यासाठी लागणारा पैसा एका उदंचन केंद्राच्या खर्चापुढे फारसा नाही. पण तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे ठरलेले नाही.

प्रत्येक संकटानंतर मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गोडवे गायले जातात. ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींत घालून जखमींना रुग्णालयांत पोहोचविले, हे खरेच आहे. त्या चादरी आणणाऱ्यांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल की, स्ट्रेचरची जागा चादरीला घ्यावी लागणे ही व्यवस्थेची प्रशस्ती नव्हे.

हा प्रश्न एकट्या मुंबईचाही नाही. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे पुण्यात खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत इमारतींचे तळमजले बुडाले. जलसंपदा विभागाच्या म्हणण्यानुसार सूचना दिली होती. महापालिकेच्या म्हणण्यानुसार ती वेळेत मिळाली नव्हती. रहिवासी पाण्यात जागे झाले. नदी एक, शहर एक, रात्र एक आणि त्या रात्रीच्या दोन सरकारी हकिगती.

या पार्श्वभूमीवर आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीकडे गांभीर्याने पाहायला हवे. डिसेंबर २००५ च्या मूळ कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तीन पायऱ्यांची रचना केली होती. शहराला तीत स्वतंत्र स्थान नव्हते. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे, दोन जिल्हाधिकारी आणि या दोघांच्या हाती नसलेली सारी साधने असलेली एक महापालिका, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. मार्च २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीनुसार राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी राज्य सरकारला स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते. दिल्ली व चंडीगड यांना त्यातून वगळले आहे. महापालिका आयुक्त हे त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतील.

तरतूद योग्य दिशेची आहे. तथापि तिच्यात पोकळ जागाही पुष्कळ आहेत. पहिली रेल्वेची. मुंबईच्या कोणत्याही आणीबाणीत निर्णायक ठरणारी गोष्ट म्हणजे लोकल. ती चालते केंद्राच्या अखत्यारीत, आणि तिच्यातही मध्य व पश्चिम अशी दोन राज्ये. बंदर, विमानतळ, मेट्रो, मोनो, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, महामार्ग यांचे मालक निरनिराळे. आयुक्त अध्यक्ष झाल्याने या सर्वांना त्यांचा आदेश बांधील होईल काय? मूळ कायद्याच्या ३४ व्या कलमाने जिल्हा प्राधिकरणाला संकटकाळी वाहतूक नियंत्रित करण्याचे व माणसांच्या ये-जा करण्यावर निर्बंध घालण्याचे अधिकार दिले आहेत. हे अधिकार कागदी नाहीत. मार्च २०२० मध्ये याच कायद्याच्या आधारे देश महिनोन्महिने घरात बसविण्यात आला. महिनोन्महिने शहर बंद ठेवण्याइतका बलवान असलेला कायदा मुसळधार पावसाच्या सहा तासांत कोणाला आठवत नाही, ही बाब चमत्कारिक म्हटली पाहिजे.

दुसरी पोकळी लोकप्रतिनिधींची. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. घाटकोपरचा फलक, मेट्रो स्थानकातील पाणी, मोनोची ती संध्याकाळ, हे सारे या काळातले. नगरसेवक असते तर ते टळले असते, असे कोणी म्हणणार नाही. नगरसेवकांच्या काळातही नाले तुंबतच होते. पण कोणत्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणत्या चाळीचा जिना पहिल्या पावसात खचेल, रात्री दोन वाजता शाळेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे मिळेल, ही माहिती प्रभागातल्या माणसाकडे असते. नव्या प्राधिकरणाच्या रचनेत आयुक्त आहेत, जिल्हाधिकारी आहेत. प्रभागाला त्यात स्थान कसे द्यायचे, हे राज्याला नियमांतून ठरवावे लागेल.

तिसरी बाब माहितीची. महापालिकेच्या पर्जन्यमापकांचे आकडे नागरिकांना पाहता येतात, ही चांगली गोष्ट. परंतु आकडे आणि सूचना यांत फरक आहे. अंधेरीच्या भुयारी मार्गात आता पाणी किती, कुर्ल्याहून पुढे गाडी जाणार की नाही, विद्याविहारला अडकलेल्याने स्थानकात थांबावे की पूर्वेकडील पालिका शाळेत जावे, हे सांगणारा एकच अधिकृत आवाज असला पाहिजे. सध्या महापालिका एक सांगते, रेल्वे आपल्या खात्यावरून दुसरे, वाहतूक पोलीस तिसरे. आणि मधल्या पोकळीत मोबाइलवर कोणत्या तरी जुन्या पावसाची चित्रफीत फिरत राहते.

दरवर्षी मे महिन्यात महापालिकेत पावसाळापूर्व समन्वय बैठक होते. रेल्वे, पोलीस, नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, वीज कंपन्या, हवामान खाते असे सर्वांचे प्रतिनिधी तिला येतात. किती पंप बसविले, किती टन गाळ काढला, किती झाडे छाटली याचे आकडे सादर होतात आणि छायाचित्रे निघतात. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एका दिवसाची उजळणी घालता येईल: दुपारचे बारा, सांताक्रूझला तासाभरात शंभर मिलिमीटर, तीन वाजता पावणेपाच मीटरची भरती, आणि चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातील कार्यालयांत लाखो माणसे. त्यांना कार्यालयांतच थांबा, असे कोण सांगणार आणि किती वाजता? रेल्वे स्थानकांची दारे कोण लावणार? जे थांबतील त्यांच्या रात्रीच्या जेवणाचे काय? ही उजळणी टेबलावर दोन तासांत होऊ शकते. तिच्यासाठी निविदा काढावी लागत नाही.